तुम्ही काम काय करता?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सरकारी दवाखान्यात गेलं की आधी खिडकीपाशी रांग लावून केसपेपर काढावा लागतो. नाव, वय, पत्ता आणि त्याखाली एक छोटासा रकाना असतो, ‘व्यवसाय’. आतला कारकून बहुतेक वेळा तो प्रश्न विचारतच नाही. विचारलाच तर उत्तर येतं ‘नोकरी’ किंवा ‘मजुरी’, आणि तेवढंच लिहिलं जातं. मागे रांग खोळंबलेली असते, कुणाला त्याचं काही वाटत नाही. आज मला या रकान्याबद्दल बोलायचं आहे.

माझे मामा मुंबईत गिरणगावातल्या एका कापड गिरणीत होते. कार्डिंग खात्यात तीस वर्षं काढली त्यांनी. कार्डिंग म्हणजे सूत कातण्याआधी कापूस पिंजून विंचरून त्याचा पेळू करायचा, ते खातं. घरी येत तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची पांढरी लव बसलेली असे. रविवारी मामा अगदी ठणठणीत असत. आम्हा भाचरांना घेऊन शिवाजी पार्कपर्यंत चालत जात. सोमवारी संध्याकाळी मात्र पाळी संपवून आले की चाळीचा जिना एका दमात चढवत नसे. मधल्या वळणावर बसून राहायचे. छातीत दाटून आलंय म्हणायचे. मंगळवारी जरा बरं असे, बुधवारी त्याहून बरं. मामी म्हणायची, “यांना सोमवार मानवत नाही.” आम्ही मुलं हसायचो, कारण सोमवार आम्हालाही मानवत नव्हता.

मामांवर आधी क्षयाचे उपचार झाले, मग दम्याचे. विडी सोडा, असं सगळ्यांनीच सांगितलं. पुढे धाप कायमचीच लागू लागली, वार कुठलाही असो. ते गेल्यावर कागदपत्रं आवरताना त्यांचा पिवळा पडलेला केसपेपर माझ्या हाती आला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘नोकरी’. तोवर मी वैद्यकाची पुस्तकं वाचली होती, आणि मामीच्या त्या एका वाक्यात रोगाचं निदान होतं हे मला ठाऊक झालं होतं.

त्या निदानाकडे मी येणारच आहे. पण एखाद्या माणसाचा रोग त्याच्या कामातून आला, हे ओळखायचं कसं? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. खोकला काय, गाठ काय, कामावर न जाणाऱ्यालाही होते. रोगाच्या अंगावर कारखान्याचं नाव छापलेलं नसतं.

या प्रश्नाला पहिल्यांदा नीट हात घातला तो इटलीतल्या मोडेना शहरातल्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्याने. त्याच्या घराचा शौचकूप उपसायला एक माणूस आला होता. तो इतक्या घाईने काम करत होता, की रामाझ्झिनीने त्याला विचारलं, जरा दमाने का घेत नाहीस? त्यावर तो म्हणाला, की या जागेत चार तासांहून जास्त राहिलं तर काय होतं, ते इथे उतरलेल्यालाच कळतं. आंधळं व्हायची पाळी येते. ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात ना! तो वर आल्यावर रामाझ्झिनीने त्याचे डोळे पाहिले. लालभडक, धुरकटलेले. इथून पुढे हा गृहस्थ कुंभारांकडे, आरसे बनवणाऱ्यांकडे, पाथरवटांकडे, छापखान्यात जाऊन चौकशा करू लागला. १७०० साली त्याचं कारागिरांच्या रोगांवरचं लॅटिन पुस्तक निघालं. वैद्याने रोग्याला काय काय विचारावं हे हिपोक्रेटिसने सांगून ठेवलं होतं. रामाझ्झिनीने त्यात स्वतःचा एकच प्रश्न घातला : तुझा धंदा काय? आपल्या केसपेपरवरचा तो रकाना म्हणजे हाच प्रश्न, तीनशे वर्षांनंतरचा.

विचारणं ही झाली पहिली पायरी. दुसरी पायरी लंडनला चढली गेली. तिथल्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात पर्सिव्हल पॉट नावाचे शल्यचिकित्सक होते. त्या काळी लंडनमधली घरं कोळशावर ऊब घेत आणि धुराडी साफ करायला लहान मुलांना आत चढवत. पाच-सहा वर्षांची पोरं. अरुंद धुराड्यात कपडे अडकतात म्हणून कित्येकदा उघडीच आत शिरत. काजळी घामाबरोबर कातडीच्या घडीघडीत मुरायची. यांपैकी काहींना पुढे मोठेपणी वृषणाच्या कातडीवर व्रण होत आणि ते चिघळून त्यांचा जीव घेत. डॉक्टर त्याला गुप्तरोग समजून पारा देत. रोग्याला रोग तर होताच, वर बदनामी. पॉट यांनी १७७५ मध्ये लिहिलं, की हा गुप्तरोग नव्हे, हा कर्करोग आहे आणि तो काजळीने होतो.

त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता, आकडे नव्हते. होतं ते एवढंच : हा एरवी न दिसणारा रोग एकाच धंद्यातल्या माणसांत पुन्हा पुन्हा दिसतो. दुर्मीळ रोग आणि एकच धंदा अशी जोडी जमली की डोळ्यांना ती लवकर दिसते. १७८८ साली इंग्लंडने कायदा करून आठ वर्षांखालच्या मुलांना या कामावर बंदी घातली, पण तो पाळला जातो की नाही हे कुणी फारसं पाहिलं नाही. मुलांना धुराड्यात चढवणं खऱ्या अर्थाने थांबलं ते १८७५ च्या कायद्यानंतर. मधली शंभर वर्षं धुराड्यात गेली, असंच म्हणायला हवं.

१८९२ मध्ये हेन्री बटलिन या दुसऱ्या इंग्रज शल्यचिकित्सकाने एक तुलना मांडली. युरोपातल्या इतर देशांतही धुराडी आहेत, काजळी आहे, मग तिथल्या झाडूवाल्यांना हा रोग क्वचितच का? त्याला असं आढळलं, की ते लोक अंगभर घट्ट कपडे घालत आणि काम झाल्यावर अंग धूत. म्हणजे काजळी अंगाला किती लागते, किती वेळ राहते, यावर रोग ठरतो. १९१५ मध्ये टोकियोच्या यामागिवा आणि इचिकावा या शास्त्रज्ञांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. पुढे लंडनमध्ये केनवे यांच्या पथकाने दोन टन डांबराचा गाळ उपसून त्यातून नेमका अपराधी पदार्थ वेगळा काढला, बेंझोपायरीन. हे झालं १९३३ मध्ये. पॉट यांच्या निरीक्षणाला तोवर १५८ वर्षं उलटली होती. मला यातली गोष्ट महत्त्वाची वाटते ती अशी, की अंगाला काजळी लागू देऊ नका हे कळण्यासाठी बेंझोपायरीनचं नाव माहीत असावं लागत नाही. ‘अजून शास्त्रीय पुरावा कुठे आहे?’ असं म्हणणारे लोक नेमकं हेच विसरतात. की विसरल्यासारखं करतात.

पण प्रत्येक रोग काही दुर्मीळ नसतो. फुप्फुसाचा कर्करोग, मूत्राशयाचा कर्करोग, दमा हे सर्वसामान्य माणसांनाही होतात. तिथे डॉक्टरची नजर पुरत नाही, तिथे मोजणी लागते. याचं उत्तम उदाहरण ॲस्बेस्टॉसचं.

ॲस्बेस्टॉस म्हणजे तंतूंचा दगड. जळत नाही, कुजत नाही, कापसासारखा कातता येतो. १९२४ मध्ये ब्रिटनमधल्या एका ॲस्बेस्टॉस कामगार स्त्रीच्या फुप्फुसांत कुक या डॉक्टरांना ते तंतू आणि भोवती झालेला घट्ट वण सापडला. सरकारने मेरवेदर नावाच्या वैद्यकीय निरीक्षकाला तपासणीस नेमलं. त्यांनी एक साधी युक्ती केली. ३६३ कामगार तपासले आणि त्यांची नोकरीच्या वर्षांप्रमाणे प्रतवारी लावली. एकूण ९५ जणांच्या फुप्फुसात वण होते. पण नव्यांमध्ये जवळजवळ कुणाला नाही आणि वीस वर्षांहून जास्त नोकरी झालेल्यांत दर पाचांपैकी चौघांना! जितकी धूळ जास्त वर्षं, तितका रोग जास्त. १९३० च्या त्या अहवालानंतर ब्रिटनमध्ये धुळीचे नियम झाले.

मग कर्करोगाची शंका आली आणि १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी हिशेब मांडला. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे तेच हे डॉल. एका कारखान्यातले वीस किंवा अधिक वर्षं धुळीत काम केलेले ११३ पुरुष त्यांनी घेतले. आता यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने किती मृत्यू व्हायला हवे होते? देशातल्या त्याच वयाच्या सर्वसाधारण पुरुषांच्या मृत्युदरावरून गणित केलं तर उत्तर येतं ०.८, म्हणजे एकही पुरता नाही. प्रत्यक्षात झाले होते ११. हा निबंध छापला जाऊ नये म्हणून कंपनीने बरीच खटपट केली. तो छापला गेला.

या ‘किती व्हायला हवे होते’ मध्ये मात्र एक चकवा आहे. समजा, एखाद्या कारखान्याच्या मालकाने सांगितलं की आमच्या कामगारांतला मृत्युदर गावातल्या सर्वसाधारण दरापेक्षा कमी आहे, म्हणजे आमचं काम आरोग्याला उत्तमच! ऐकायला पटतं. पण गावाच्या आकड्यांत अंथरुणाला खिळलेले, अपंग, जुनाट आजारी असे सगळे असतात. कारखान्याच्या फाटकातून आत कोण जातं? धडधाकट माणूस. जो आजारी पडतो तो काम सोडून गावी जातो आणि तिथे मरतो. त्याचा मृत्यू कारखान्याच्या वहीत चढतच नाही. १८८५ मध्येच विल्यम ओगल या इंग्रज आकडेतज्ज्ञाने या चकव्याकडे बोट दाखवलं होतं. आज संशोधक त्याला निरोगी कामगाराचा परिणाम म्हणतात. आपल्या कोकणातून, घाटावरून मुंबईत आलेला गिरणी कामगार थकला की गावची एसटी धरायचा, हे ज्यांना माहीत आहे त्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको.

दुसरी अडचण काळाची. ॲस्बेस्टॉसचा तंतू आज छातीत गेला तर फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग तीस-चाळीस वर्षांनी होतो. तोवर नोकरी संपलेली, कधी कधी कारखानाही बंद झालेला. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या एरवी अतिशय दुर्मीळ अशा कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदवले. रुग्णांच्या घरी जाऊन, नातेवाइकांना विचारून त्यांचं पूर्वायुष्य खणून काढावं लागलं. एक सोडून सगळ्यांचा केप प्रांतातल्या ॲस्बेस्टॉसशी संबंध निघाला. आणि त्यांतले कित्येक जण खाणीत कधी गेलेच नव्हते! ते खाणींच्या आसपास लहानाचे मोठे झाले होते, एवढंच. पाच वर्षांनी लंडनमध्ये अशीच पाहणी झाली, तेव्हा कामगारांच्या बायकांची नावं पुढे आली. नवऱ्याचे धुळीने माखलेले कपडे झटकून धुवायचं काम त्यांचं होतं. धोका डब्याच्या पिशवीबरोबर घरी येत होता.

आता मामांच्या सोमवाराकडे येतो.

१८४५ मध्येच बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या सूतगिरण्यांची पाहणी करणाऱ्या दोन डॉक्टरांना कामगारांनी सांगितलं होतं, की धुळीचा त्रास सोमवारी-मंगळवारी जास्त होतो आणि आठवड्याच्या शेवटी कमी. हे लिहिलं गेलं आणि कपाटात राहिलं. शंभर वर्षांनी, १९५० च्या सुमारास, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी ते पुन्हा उचललं. त्यांनी प्रश्नावलीच तशी केली : सोमवारी छाती आवळल्यासारखी वाटते का? कधी कधी की दर सोमवारी? की इतर दिवशीही? या उत्तरांवरून त्यांनी रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. क्षयाला वार कळत नाही, विडीच्या खोकल्याला कळत नाही. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या रोगाला, म्हणजे बिसिनोसिसला, तेवढा कळतो. रविवारच्या सुट्टीत शरीर त्या धुळीला विसरतं आणि सोमवारी ती पुन्हा समोर आली की श्वासनलिका आकसतात. धुळीत कापसाच्या पानांचा चुरा आणि जंतू असतात. त्या जंतूंच्या आवरणातलं विष हा यातला मुख्य संशयित मानला जातो. सोमवारी पाळीच्या आधी आणि नंतर फुंकर मारायच्या यंत्रावर श्वास मोजला तर घट आकड्यांत दिसते. वर्षानुवर्षं हे चाललं की सोमवार आठवडाभर पसरतो आणि मग तो फुप्फुसांतून जात नाही. या टप्प्यावर रोगी तपासला तर तो जुनाट दमेकऱ्यासारखाच दिसतो. मग भेद कशाने करायचा? त्याच्या आठवणीने. ‘सुरुवातीला कसं व्हायचं, बाबा?’ या प्रश्नाने.

आपल्याकडे हा रोग फारसा नाही असंच बराच काळ धरून चाललेलं होतं. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षं पाठपुरावा केला आणि बिसिनोसिस व जुनाट श्वासविकार यांतला फरक कसा ओळखायचा, हे १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडलं. गिरणगावच्या मधोमध उभं असलेल्या रुग्णालयातून हे काम व्हावं हे अगदी योग्य होतं. पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मग खुद्द गिरण्याच एकेक करून गेल्या. कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात बिसिनोसिसला जागा होती. पण भरपाई मागणाऱ्याला आधी निदानाचा कागद हवा, नंतर कुठल्या खात्यात किती वर्षं होतो त्याचा पुरावा. मामींना मी हे सगळं सांगितलं तेव्हा गिरणीला टाळं लागलेलं होतं. हजेरीपटाच्या वह्या कुठे गेल्या हे सांगणाराही कुणी सापडला नाही. त्या म्हणाल्या, “मी तर तेव्हाच सांगत होते सोमवारचं.” त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

कामगाराला आधी कळतं आणि शास्त्राला नंतर, असं या इतिहासात इतक्या वेळा घडलं आहे की तो योगायोग मानणं कठीण. १९७७ ची कॅलिफोर्नियातली हकीगत सांगतो. लॅथ्रॉप गावातल्या कीटकनाशकांच्या कारखान्यात पुरुष गप्पा मारता मारता एकमेकांना विचारू लागले, की अरे, आपल्यापैकी कुणाच्याच घरी एवढ्यात पाळणा कसा हलला नाही? तपासणी झाली. मातीतले कृमी मारायच्या डीबीसीपी नावाच्या रसायनाने त्यांच्या वीर्यातले शुक्राणू घटले होते, काहींचे पार नाहीसे झाले होते. हे डॉक्टरच्या टेबलावर कधी दिसलं असतं? मूल न होणं ही तिथेही खाजगी गोष्ट. एकेकटा माणूस ती एकेकट्या डॉक्टरला सांगतो, आणि दोन डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत.

याउलट १९७४ मध्ये अमेरिकेतल्याच लुईव्हिल शहरात कारखान्याच्या डॉक्टरनेच धागा पकडला. पीव्हीसी प्लॅस्टिक बनवणाऱ्या एकाच कारखान्यातले तीन कामगार यकृताच्या एका अत्यंत विरळ कर्करोगाने गेलेले त्याला दिसले. पॉट यांचीच पद्धत, दोनशे वर्षांनी. त्याने ते दडवलं नाही, आणि हवेत व्हिनिल क्लोराइड किती चालेल याची तिथली मर्यादा थोड्याच अवधीत दहा लाखांत ५०० भागांवरून एका भागावर आली. मनात आणलं तर किती चटकन होतं पाहा!

या दोन घटनांच्या आधीच, १९६५ मध्ये, ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या आकडेशास्त्रज्ञाने लंडनमध्ये व्यवसायजन्य रोगांवर काम करणाऱ्या डॉक्टरांपुढेच एक व्याख्यान दिलं. दोन गोष्टी बरोबर दिसतात म्हणून एक दुसरीचं कारण ठरते का, हा विषय. संबंध किती घट्ट आहे, वेगवेगळ्या ठिकाणी तोच दिसतो का, कारण आधी आणि रोग नंतर आहे का, मात्रा वाढली की रोग वाढतो का, अशी नऊ अंगांनी तपासणी करा, असं त्यांनी सांगितलं. हल्ली विद्यार्थी ही नऊ नावं घोकतात. पण त्याच व्याख्यानात ते हेही म्हणाले होते, की सगळं शास्त्रीय काम अपुरंच असतं, आणि तेवढ्यासाठी हाती असलेल्या ज्ञानाकडे पाठ फिरवण्याची मुभा आपल्याला मिळत नाही. परीक्षेत हे कुणी विचारत नाही.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये, अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर, ॲस्बेस्टॉस कारखान्यांना आदेश दिला : प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षं, यांत जे नंतर येईल तोवर सांभाळून ठेवा. चाळीस हा आकडा कुठून आला असेल ते वॅग्नर यांची हकीगत ऐकल्यावर ध्यानात येईल. प्रश्न आहे तो वहीच नसलेल्यांचा. ठेकेदाराकडे आज इथे तर उद्या तिथे काम करणाऱ्याची नोंद कुणी ठेवायची?

स्वयंपाकघरातल्या ओट्याचंच घ्या. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत दगडाचा भुगा आणि राळ यांपासून बनवलेल्या कृत्रिम लाद्या जगभर लोकप्रिय झाल्या. दिसायला सुरेख, डाग न पडणाऱ्या. ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण तीस टक्के. या लाद्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक असू शकते. २०१२ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी कळवलं, की फुप्फुसाच्या प्रत्यारोपणासाठी त्यांच्याकडे पाठवलेल्या रुग्णांत असल्या लाद्या कोरड्या कापणारे २५ कारागीर सापडले. सगळ्यांना सिलिकोसिस होता, पाथरवटांचा तोच जुना रोग, पण पूर्वीपेक्षा लवकर आणि जोरात आलेला. मग स्पेन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथूनही तेच ऐकू आलं. १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने या लाद्या बनवण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली.

आपल्याकडे नव्या इमारतीच्या खाली, गाळ्यात किंवा फुटपाथवरच, पोरं कटर लावून लादी कापताना दिसतात. पाणी न सोडता, तोंडाला रुमाल बांधून. बहुतेक जण विशीतले, घरापासून दूर आलेले. त्यांच्यातला एखादा खोकत दवाखान्यात जाईल, खिडकीपाशी केसपेपर काढेल आणि त्या रकान्यात लिहिलं जाईल, ‘मजुरी’.